‘स्वर्गाचे राज्य’ म्हणजे मेल्यावर जायची जागा नव्हे

‘देवाचे राज्य पृथ्वीवरचे, स्वर्गाचे राज्य मरणानंतरचे’ असा एक मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मत्तय आणि लूक हे दोघे बायबलमध्ये येशूचे चरित्र लिहिणारे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो, त्याच वचनात लूक (६:२०) ‘देवाचे राज्य’ म्हणतो. गोष्ट एकच. देवाचे नाव थेट घेणे यहुदी टाळत, त्यामुळे मत्तयाने ‘स्वर्ग’ शब्द वापरला, असे बरेच अभ्यासक मानतात. (आपल्याकडेही ‘वरचा बघतोय’ म्हणतातच की!) मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’. त्यात मुलखापेक्षा राजाची सत्ता महत्त्वाची. म्हणूनच येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ आहे, ‘आम्हाला तिकडे ने’ नाही. मरणोत्तर जीवनाची आशा ख्रिस्ती श्रद्धेत आहेच, पण हे राज्य येशूच्या येण्याने सुरू झाले आणि त्याची पूर्णता अजून व्हायची आहे.