मॅच बघताना शिवी दिली तर बिघडलं काय?

नव्वदावं मिनिट, समोर मोकळा गोल, आणि सहा यार्डांवरून आपला स्ट्रायकर बॉल थेट गॅलरीत मारतो. अशा वेळी ज्याच्या तोंडून ‘अरेरे, थोडक्यात हुकलं’ एवढंच निघतं, त्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण मॅच बघायला मी त्याच्या शेजारी बसणार नाही.

स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी शिव्या द्याव्यात की नाही, हा वाद दर सीझनला उकरून काढला जातो. एकीकडे संस्कारवाले, दुसरीकडे ‘सहन होत नसेल तर घरी बसा’वाले. मी शिवीच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकते. बाईमाणूस असून असं लिहिते म्हणून कुणाला धक्का बसणार असेल तर बसू दे.

शिवी हासडल्याने बरं वाटतं हे आपल्याला अनुभवाने माहीत असतंच, पण त्यावर प्रयोगही झालेत. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरून बसायला लावलं. एकदा शिवी घोकत, एकदा साधा शब्द घोकत. शिवी देताना मुलांचा हात जास्त वेळ टिकला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की रोज उठता-बसता शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे शिवी जपून वापरावी, पेनल्टी हुकण्यासाठी राखून ठेवावी. हा माझा निष्कर्ष, स्टीफन्सना त्यात ओढू नका.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचे मॅनेजर ब्रायन क्लफ यांनी एकेकाळी मैदानात बोर्ड लावून ‘सभ्य गृहस्थहो, कृपया शिव्या नकोत’ अशी विनंती केली होती. क्लफना हे शोभत होतं, कारण माणूस हुकमी होता आणि संघ जिंकत होता. इतरांनी हा प्रयोग करू नये.

गंमत म्हणजे ज्यांचा आदर्श समोर ठेवायला सांगतात ते खेळाडू तरी कुठे गप्प असतात? २०२० च्या मे महिन्यात, कोविडमुळे थांबलेली जर्मनीची लीग, बुंडेसलिगा, रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. मग इतर लीगही तशाच सुरू झाल्या, आणि मैदानावर नेमकं काय बोललं जातं ते जगाला पहिल्यांदा इतकं स्वच्छ ऐकू आलं. चॅनेलवाल्यांनी प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला गोंगाट वरून टाकला. तो मुख्यतः वातावरणासाठी होता हे मान्य, पण झाकायलाही बरा पडला. नियमानुसार अपमानास्पद भाषेसाठी खेळाडूला थेट रेड कार्ड आहे. तरी २०११ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध हॅटट्रिक करून मँचेस्टर युनायटेडचा वेन रूनी कॅमेऱ्यात बघून शिवी देतो तेव्हा दोन सामन्यांची बंदी येते, आणि तीच शिवी वीस यार्ड लांब दिली तर कुणी विचारत नाही. गुन्हा मायक्रोफोनजवळ असण्याचा, असंच म्हणायचं.

‘तिकिटाचे पैसे मोजलेत, वाट्टेल ते बोलू’ हा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही. पैसे शेजारच्यानेही मोजलेत.

आता जिथे खरंच डोकं चालवावं लागतं तिथे येऊ. २९ फेब्रुवारी २०२०, होफेनहाइम विरुद्ध बायर्न म्युनिक. बायर्न ६-० ने पुढे. बाहेरगावाहून आलेल्या बायर्नच्याच समर्थकांनी बॅनर उलगडला, त्यावर होफेनहाइमचे पाठीराखे, अब्जाधीश डीटमार होप यांना आईवरून शिवी. मॅच थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बॅनर आला, रेफरी दोन्ही संघांना घेऊन आत गेला. परत आल्यावर उरलेली तेरा मिनिटं दोन्ही संघांचे खेळाडू मधल्या वर्तुळाच्या आसपास उभे राहून एकमेकांना पास देत बसले. गप्पा मारत होते, हसत होते. एक बायर्नवाला होफेनहाइमवाल्याला बॉल देतोय, तो परत देतोय. टचलाइनवर बायर्नचे बॉस रुमेनिगे होप यांच्या शेजारी उभे. जगभर कौतुक झालं: बघा, फुटबॉलने द्वेषाला कसं उत्तर दिलं!

मला ते बघून चीड आली. बॅनर घाण होता यात वाद नाही. पण त्याच महिन्याच्या ४ तारखेला, जर्मन कपच्या सामन्यात, हेर्था बर्लिनच्या जॉर्डन टोरुनारिघाला शाल्केच्या प्रेक्षकांतून माकडाचे आवाज ऐकावे लागले. तो मैदानावर रडला. मॅच चालू राहिली. शेवटी एक्स्ट्रा टाइममध्ये त्याने वैतागून बाटल्यांचा क्रेट आपटला म्हणून त्यालाच दुसरं यलो कार्ड दाखवून बाहेर काढलं. त्याच्यासाठी कुणी वर्तुळात उभं राहून पास दिले नाहीत. अब्जाधीशाच्या आईचा मान राखायला तेरा मिनिटं खेळ बंद आणि बावीस वर्षांच्या पोरगेल्या डिफेंडरला म्हणे शिस्त पाळ.

शिवाय त्या बॅनरमागे एक भांडण होतं. क्लबची सूत्रं सभासदांकडे राहावीत असा जर्मनीत नियम आहे, होप यांना त्यातून सूट मिळाली. आधी डॉर्टमुंड क्लबच्या समर्थकांनी त्यांना शिव्या दिल्या, तेव्हा जर्मन फेडरेशनने डॉर्टमुंडच्या सगळ्याच समर्थकांना होफेनहाइमच्या मैदानावर दोन वर्षं बंदी घातली. सरसकट. हा बॅनर त्या बंदीच्या निषेधाचाही होता. शब्द नीच होते, तक्रार खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच कापडावर होत्या. फेडरेशनला शब्द तेवढे दिसले, कारण शब्दांवर कारवाई करणं सोपं असतं.

आणि जिथे शिवीच नसते तिथे? २०२३ च्या एफए कप फायनलला वेम्बलीत एक माणूस मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घालून आला. पाठीवर ९७ नंबर, आणि नावाच्या जागी ‘पुरेसे नाहीत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. एकही शब्द असा नाही की जो शाळेच्या फळ्यावर लिहिता येणार नाही. ९७ म्हणजे १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत मेलेले लिव्हरपूलचे समर्थक. कुणीतरी तो शर्ट छापून घेतला, अंगात घातला, आरशात बघितला आणि घराबाहेर पडला. रागाच्या भरात तोंडून निसटलेली शिवी मी शंभरदा माफ करीन, पण हे थंड डोक्याने केलेलं काम आहे. त्याला कोर्टात शिक्षा झाली ते योग्यच झालं. व्हॅलेन्सियात रेआल माद्रिदच्या व्हिनिसियस ज्युनियरला वंशद्वेषी हिणवणाऱ्या तिघांना २०२४ मध्ये आठ महिन्यांची कैद सुनावली गेली तेही योग्यच.

इंग्लंडचा १९९१ चा कायदा मैदानातल्या ‘असभ्य’ आणि ‘वंशद्वेषी’ घोषणांना एकाच कलमात बसवतो. कायदा करणाऱ्यांना तेव्हा एकदाच झाडू मारून घ्यायचा असेल. पण या दोन गोष्टी एका रांगेत बसवल्या की पोलीस सोप्या गिऱ्हाइकाला धरतात. स्कॉटलंडने २०१२ मध्ये फुटबॉलसाठी खास आक्षेपार्ह वर्तनाचा कायदा आणला आणि सहा वर्षांत, २०१८ मध्ये, रद्द केला. ‘आक्षेपार्ह’ कशाला म्हणायचं यावरच सगळं गाडं अडलं.

बायकांच्या नावाने जो गळा काढला जातो, त्याबद्दलही बोलायला हवं. ‘स्टेडियममध्ये लेडीज असतात, जरा बघून बोला.’ इराणमध्ये हाच तर्क शेवटपर्यंत नेला गेला. पुरुषांच्या तोंडची घाण भाषा बायकांच्या कानावर पडू नये, हे कारण अधिकारी देत राहिले आणि चाळीसेक वर्षं बायकांनाच बाहेर ठेवलं. शिवी देणारा आत, ऐकणारी बाहेर. १० ऑक्टोबर २०१९ ला कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये साडेतीन हजारांच्या आसपास बायका तिकीट काढून बसल्या, आणि इराणने १४ गोल केले. उलट तुर्कस्तानात २०११ मध्ये फेनरबाचे क्लबच्या पुरुष समर्थकांनी गोंधळ घातला तेव्हा फेडरेशनने पुढच्या मॅचला फक्त बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना सोडलं. चाळीस हजारांवर आल्या. आम्ही नाजूक आहोत म्हणून नियम करा, असं निदान माझ्या नावावर कुणी मागू नये.

मला खटकतं ते वेगळंच. चिडलेत रेफरीवर, हुकलाय स्ट्रायकर, आणि शिवीत येते कुणाची तरी आई नाहीतर बहीण. ती बिचारी मॅचलाही आलेली नसते. इतकी वर्षं शिव्या देऊन माणसाची प्रतिभा एवढ्याच दोन नात्यांत अडकावी?

एका ठिकाणी मात्र माझी सगळी उदारता संपते: लहान मुलांच्या मॅचेस. दहा वर्षांची पोरं खेळताहेत, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा शिट्टी घेऊन पळतोय, आणि रेषेबाहेर एखादा बाप ऑफसाइडवरून त्याची लायकी काढतोय. तो मुलगा पुढच्या रविवारी शिट्टी हातात घेईलच असं नाही. इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी प्रौढ सामन्यांत रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून बघितले गेले, इतकी वेळ आली. मुलांच्या मॅचला शिवी देणाऱ्याला, तो कुणाचाही बाप असो, गेटबाहेर काढावं. पहिल्या शिवीला. इथे मला चर्चा नको.

मोठ्यांच्या मॅचमधल्या रेफरीचं मात्र माझं अजून ठरत नाही. पन्नास हजार लोक एकसुरात त्याचा उद्धार करतात तेव्हा मीही त्यात असते, आणि तो पगारी, कसलेला माणूस आहे असं मनाला सांगते. मग ३१ मे २०२३ ची युरोपा लीग फायनल आठवते. रोमा हरल्यावर त्यांचे मॅनेजर मोरिन्यो यांनी पार्किंगमध्ये रेफरी अँथनी टेलरना शिव्या घातल्या, मोरिन्योंना चार सामन्यांची बंदी झाली. दुसऱ्या दिवशी बुडापेस्टच्या विमानतळावर रोमाच्या समर्थकांनी टेलरना घेरलं, खुर्ची भिरकावली. सोबत टेलर यांच्या घरचे होते. त्या गर्दीतला प्रत्येक जण आदल्या रात्री स्टेडियममध्ये जे ओरडत होता तेच विमानतळावर ओरडत होता. तिथे ओरडू द्यायचं आणि इथे नाही, हे मला पटतं. पण का, ते नीट मांडता येईना झालंय.