कव्वाली नोको, डीजे चालते

रात्रीचे पावणेअकरा झालेत, आंगणात बाजेवर बसून टाईप करून राहिली, चुका झाल्या तर समजून घ्या. डीजेची वरात अजून चौकातच आहे. खिडकीच्या फळीवर गडव्यात (म्हणजे तांब्यात) पाणी भरून ठेवलंय आणि त्या पाण्यात बारीक बारीक गोल उठून राहिलेत, दर ठोक्याला एक. गडव्याची गोष्ट पुढं सांगते, आधी सकाळचं सांगू द्या नाहीतर डोस्कं फुटेल माझं.

सकाळी चुलत जावेकडं गेली होती. तिच्या सुनेचं कार्ड भरायचं होतं, येत्या ९ तारखेला तिला आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचंय. (मी गावात आशा सेविका आहे हो, नवीन जुळलेल्यांसाठी सांगते.) सहावा सरत आलाय, वजन बरं आहे, रक्त बरं आहे, बीपी चांगला. पोरगी खुशीत होती. बुद्धपौर्णिमेला शेजारच्या गावात दुय्यम कव्वाली (बाई-बुवाच्या सवाल-जवाबाची) आहे, बॅनर लागलंय, आणि ही माहेरी असताना दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारी. हळूच विचारलं, "काकू, मी जाऊ का जी?"

मी तोंड उघडायच्या आधी तिघांचं उत्तर आलं. सासू म्हणे, "नोको, एवढे मोठे बॉक्स राहतात, लेकराले धसका बसते." आजेसासू म्हणे, "दोन जिवाच्या बाईनं रातचं बाहेर निघू नाही." आणि नवरा, मोबाईलमधून मान वर न करता, "आई म्हणते तर ऐक ना." झालं. पोरीनं मान खाली घातली आणि भाजी निवडायला बसली.

बरं, मी म्हटलं काळजीच करून राहिलेत, जाऊ दे.

आता संध्याकाळचं ऐका. त्याच घरासमोर, त्याच नवऱ्याच्या दोस्ताची वरात. गाडीवर बॉक्सची थप्पी, माझ्या घराच्या छपराएवढी उंच. दारासमोर पाऊण तास उभी. आणि सगळ्यात पुढं नाचून कोण राहिलंय तर तोच नवरा, अंगातला शर्ट घामानं चिंब, "अजून वाढव" म्हणून हात वर करून राहिला. सासू दारात पाट टाकून बसली होती आणि सुनेला आतून आवाज देऊन राहिली, "ये वं, नवरदेव पाहाले ये!" पोरगी आली, ओढणी पोटावर धरून उभी राहिली. बॉक्सपासून चौदा-पंधरा पावलं. मी मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावलं, १०२ डेसिबल दाखवलं. मोबाईलचं मोजणं काही वजनकाट्यासारखं पक्कं नसते हे मलेही माहीत आहे, पण पायाखालची जमीन हालून राहिली होती बाप्पा, त्याला अ‍ॅप कशाला लागते.

आता कुठं गेला तो धसका? सकाळी होता ना?

आता गडव्याचं सांगते. २०१३ चा एप्रिल. माझी मोठी पोटात होती, सातवा चालू होता. बाबासाहेबांच्या जयंतीची कव्वाली तीन किलोमीटरवरच्या गावात, विहारासमोरच्या पटांगणात. आमच्या आत्याबाईंनीही, म्हणजे सासूबाईंनी, हेच सांगितलं होतं, नोको म्हणून. मी रडली नाही, पण जेवलीही नाही. तर आमचे मामाजी, म्हणजे सासरे, उठले, बैलगाडी जुंपली, गाडीत तणस टाकलं, त्यावर वाकळ टाकली आणि आत्याबाईंना एवढंच बोलले, "मी हावो ना." गाडी हळूहळू नेली, एक दचका नाही. पटांगणात पोचल्यावर मला वाटलं पुढं बसवतील. नाही. ते हातात पाण्याचा गडवा घेऊन मागंमागं सरकत गेले. थोडं सरकायचे, गडवा जमिनीवर ठेवायचे, वाकून पाहायचे, उचलायचे, अजून मागं. लोकं हसून राहिले, म्हणे बुढा जागेची पूजा करून राहिला का काय. पार मागं मोहाच्या झाडाखाली गडवा ठेवला, पाणी हाललं नाही, तेव्हा स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "इथं धडधड नाही लागत. बस इथंच."

आणि तिथून सगळं ऐकू येत होतं हो. बेंजो, ढोलक, बाईचा सवाल, बुवाचा जवाब, मधेमधे "यांच्याकडून पन्नास रुपये बक्षीस" सगळं. ऐकू यायला बॉक्सच्या तोंडात डोकं घालावं लागत नाही.

इतक्या वर्षांनी आमच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा आशांच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मला मोहाचं झाड आठवलं. मॅडम म्हणाल्या, सहाव्या महिन्यापासून लेकराला पोटात ऐकू यायला लागते. पोटाची भिंत आणि आतलं पाणी यात बारीक, टोकदार आवाज बराचसा गळून जातो, पण जाडा आवाज, तो छातीत धडधडणारा, तो फारसा अडत नाही, सरळ आत जातो. आणि आईनं कानात कापूस घातला तर आईचे कान वाचतील, लेकराचे नाही, कारण पोटाला काही कापूस लावता येत नाही. म्हणजे डीजेच्या बॉक्समधून जो निघतो नेमका तोच आवाज पोटात पोचतो. मामाजी चौथी शिकले होते. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी पाण्याला विचारलं.

मॅडमनी हेही सांगितलं की एखाद दिवस लांब बसून गाणं ऐकल्यानं काही होत नाही, खरा प्रश्न रोज रोज तासन् तास मोठ्या आवाजात राहण्याचा. कारखान्यात ८५ डेसिबलच्या वर, पूर्ण वेळ काम करणाऱ्या बायांची लेकरं स्वीडन देशात तपासली, त्यात कानाच्या तक्रारी जास्त निघाल्या. हे ऐकून मी सरळ उठून विचारणार होती की मॅडम, मग आपल्याकडच्या राईस मिलमधल्या बायांचं काय? पण चहा आला आणि राहून गेलं. आता विचारते. आपल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यात किती बाया सातव्या-आठव्यापर्यंत मिलवर जातात, दिवसभर त्या घरघरीत कोंडा झाडतात, तेव्हा कोणाच्या सासूला लेकराचा धसका आठवतो का? मजुरी येते ना घरी, मग लेकरू बहिरं झालं तरी चालते! म्हणजे बाईनं आपल्या हौसेनं ऐकलं तर लेकराला धोका आणि दुसऱ्याच्या हौसेनं, नाहीतर दुसऱ्याच्या पैशासाठी ऐकलं तर लेकरू लोखंडाचं.

मामाजींचा डावा कान त्या मिलनंच खाल्ला होता. बावीस वर्षं हमाली. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं जावं लागे. म्हणून त्या रात्री ते माझ्या डाव्या बाजूला बसले, उजवा कान माझ्याकडं, मी काही बोलली तर ऐकू यावं म्हणून. कव्वाली त्यांना अर्धीच ऐकू आली असेल. हे मला तेव्हा कळलंही नाही, मी आपली शेंगा खात बसली होती.

थांबा. बंद झाला वाटते डीजे.

हो, बंद झाला. जनरेटरचं डिझेल संपलं म्हणून पोट्टे ओरडून राहिलेत. काय शांत वाटून राहिलं माय, कुत्रं भुकलेलंही गोड लागते.

मी आत्ता फाटकापर्यंत जाऊन आली. डीजेवाला म्हणजे एक एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं आहे, गाडीच्या मागं, बॉक्सला टेकून बसलंय, पाणी पिऊन राहिलं. विचारलं, "कानात काही घालत नाही का रे?" तर म्हणे, "सवय झाली मावशी." दोनदा विचारावं लागलं, पहिल्यांदा ऐकू आलं नाही त्याला. गाडीचे हप्ते आहेत, सीझन दोन महिन्यांचा. या पोराला काय बोलायचं? याच्यावर माझा राग नाही. मला मामाजींचा डावा कान दिसला त्याच्यात, बस.

लग्नात नाचू नये असं मी म्हटलेलं नाही, उगाच तसं वाचू नका. माझ्याही लग्नात बँड होता आणि माझा भाऊ इतका नाचला की धोतर सुटलं होतं.

आणि हो, कोणी कमेंटमध्ये लिहायच्या आधी मीच लिहिते. कव्वालीतही आता बॉक्स वाढलेत, आपल्या जयंतीच्या रॅलीतही डीजे येतो, आपलेच पोट्टे आणतात, आणि रात्री १० च्या नियमात तर आमची ती रात्रभराची कव्वालीही बसत नव्हती. मान्य. बाबासाहेबांच्या नावानं कोणाच्या लेकराच्या कानात धडधड घालायची असेल तर तेही चूकच. झालं? पुढं जाऊ?

नियमाचं म्हणाल तर आवाजाचा नियम २००० सालापासून आहे. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, दवाखान्याच्या १०० मीटरमध्ये तर शांतताच. सगळ्यांना माहीत आहे. मागच्या साली मी पोलिसांचा ११२ नंबर लावला होता. गाडी आली, आवाज कमी झाला, गाडी गेली, आवाज डबल. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा, आशाबाईनं लग्नात विघ्न आणलं. ज्या घरी मी बाळंतपणाला रात्री दोन वाजता धावली होती त्या घरच्यांनी आठ दिवस बोलणं टाकलं.

आणि त्याच्याही आधी एकदा तपासणीच्या दिवशी, आरोग्य केंद्राच्या फाटकासमोरून वरात गेली. टेबलावर बाई झोपलेली, नववा महिना, सिस्टर पोटावर डॉप्लर लावून लेकराचे ठोके ऐकून राहिल्या. मिनिटाला ११० ते १६० असावे लागतात, तेवढंच मोजायचं असते. पण डॉप्लरमधून काहीच कळेना, बाहेरचेच ठोके सगळे! सिस्टरनी मशीन जागा बदलबदलून लावलं. ती बाई त्यांच्या तोंडाकडं पाहून राहिली, तिला वाटलं लेकरू गेलं. दहा मिनिटं. वरात पुढं सरकल्यावर ठोके सापडले, १४०, एकदम ठणठणीत. ती बाई हमसून हमसून रडली. ते दहा मिनिटं कोणत्या अ‍ॅपमध्ये मोजायचे सांगा मले.

(डिझेल आलं. सुरू झाला परत.)

घरात जा, खिडकी लावून घे म्हणणाऱ्यांनो, ब्रह्मपुरीकडचा मे महिना माहीत आहे ना? दिवसा पंचेचाळीस-सेहेचाळीस. रात्री अकराला भिंत हाताला चटका देते. खिडकी लावली तर पोटुशी पोरगी उकडून मरेल. आवाज पाहिजे की उकाडा, निवड कर म्हणावं.

जायचं तर सगळ्यांनीच उठून जावं असंही नाही. जिचा बीपी वाढलाय, जिच्या अंगावरून जातंय, जिला डॉक्टरनी पडून राहा सांगितलंय, तिनं घरीच राहायचं, तिथं माझ्याशी वाद नाही. गर्दीत धक्का लागतो, बाथरूमची सोय नसते, मोटरसायकलवर तीन सीट बसून खड्ड्यातून जाणं तर मुळीच नाही. पण ही पोरगी ठणठणीत आहे. माझी आजी १९५६ च्या ऑक्टोबरात मोठ्या मामाला पोटात घेऊन नागपूरला गेली होती, त्या लाखोंच्या गर्दीत दीक्षा घेऊन आली. तिला कोणी नोको म्हटलं असेल का? म्हटलंच असेल. ती गेली.

माझी पोरगी? ढोलक सुरू झाला तशी आतून एक लाथ मारली, मग अर्धा तास हालचाल नाही, मी घाबरली. मामाजींना सांगावं कसं, सासऱ्याला असं सांगतात का? पण सांगितलं. ते म्हणाले, "ऐकून राहिली असन." आणि गायिकेनं पुढचा अंतरा घेतला तर खरंच परत हालली. आता बारा वर्षांची होईल. गाण्यात शून्य आहे, कोणी अभिमन्यू वगैरे लिहू नका खाली. पण कान तिखट आहेत, स्वयंपाकघरात डबा उघडला की अंगणातून धावत येते.

मामाजींना जाऊन चार वर्षं झाली. गडवा तोच आहे, बुडाला पोचा आलाय.

आत्ता जाऊन आली मी चुलत जावेकडं. पोरीला मागच्या गोठ्याच्या बाजूला खाट टाकून दिली, तिथं भिंतीची आड आहे. खाटेखाली पेल्यात पाणी ठेवून पाहिलं, हालत नाही. तिची सासू म्हणे, "हे काय वो?" मी म्हटलं, पाहा तुमच्याच डोळ्यानं, आणि तिला हात धरून तो पेला घेऊन पुढच्या दारात आणली. पाणी पाहून काही बोलली नाही. मग हळूच म्हणे, "पोट्ट्याले बोलावते घरात." बोलावलं का माहीत नाही, मी निघून आली.

पौर्णिमेची कव्वाली सातला सुरू होते. मी त्या पोरीला घेऊन जाणार, ऑटो सांगून ठेवलाय, साडेनऊला परत. तिच्या सासूनं अजून हो म्हटलं नाही पण नाहीही म्हटलं नाही. गावातल्या अजून दोघी आहेत पाचव्या-सहाव्यातल्या, त्यांच्या घरचे हे वाचून राहिले असतील तर त्यांनाही पाठवा, मी आहे सोबत. चटई आणि पाण्याची बाटली आपापली आणा. बसायचं मागं, झाडाकडं. गडवा मी घेऊन येते.