आधी पाणी, मग पेटी

गच्चीवर मधमाश्या पाळाव्यात की नाही, यावर आमच्या लेआउटच्या ग्रुपवर सध्या जोरात वाद चाललाय. एका घरी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या आपल्याकडच्या मधमाशीच्या, दोन पेट्या आल्या आणि लगेच दोन तट पडले. एकीकडे निसर्ग वाचवा म्हणणारे, दुसरीकडे "उद्या पोराले माशी चावली तं जबाबदार कोण जी?" असं विचारणारे. मी पेट्यांच्या बाजूचा आहे. पण मला तो दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. तो विचारणारे काकाजी भित्रे नाहीत की निसर्गाचे वैरीही नाहीत. त्यांच्या घरात लहान नातू आहे आणि त्यांच्या प्रश्नाला आज आपल्या शहरात कोणाकडेच लेखी उत्तर नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं, की नागपुरात घरगुती मधपेट्यांना परवानगी असावी, ती नियमांनी बांधलेली असावी आणि हे नियम मनपाने साध्या मराठीत, एका पानात, झोन कार्यालयाच्या भिंतीवर लावावेत. नियम नसले की निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो. मग एक दिवस पेस्ट कंट्रोलवाला येतो, पंपाने फवारा मारतो, आणि दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाई सुपलीभर मेलेल्या माश्या उचलतात. हे मी या शहरात वारंवार पाहिलंय आणि ते मला सहन होत नाही.

नियमाची सुरुवात मात्र माशी कोणती, इथूनच झाली पाहिजे. आपण सगळ्यांना सरसकट मधमाशी म्हणतो आणि तिथेच सगळा घोळ होतो. पाण्याच्या उंच टाक्यांखाली, अपार्टमेंटच्या सज्ज्याला, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मोठ्या झाडांना लटकलेलं ते परातीएवढं उघडं पोळं म्हणजे आग्यामोहोळ. ती माशी कोणी पाळत नाही, ती पेटीत राहतच नाही. मेंदीच्या किंवा लिंबाच्या फांदीला पंजाएवढं पोळं करते ती फुलोरी, अगदी लहान आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी. बिनकाट्याची पोया तर भिंतीच्या भेगेत राहते आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो. अंधाऱ्या ढोलीत किंवा जुन्या मीटरच्या डब्यात एकाशेजारी एक अशी पोळी बांधते ती सातेरी. ती आपल्या मातीतली, आणि पेटीत नांदते. बाहेरून आलेली मेलिफेरा हीसुद्धा पेटीतच राहते. ग्रुपवर परवा ज्या बातमीचा फोटो फिरला, त्यात माश्यांनी हल्ला केला होता तो आग्याचा. आणि मागणी झाली ती सातेरीच्या पेट्या हटवण्याची!

आग्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण लोकांच्या मनातली खरी भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. एका मोहोळात पन्नास हजारांच्या पुढे माश्या असू शकतात. एक माशी डंख करते तेव्हा तिथे एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या वासाने बाकीच्या त्याच जागेवर तुटून पडतात. अशा हल्ल्यात माणसं दगावली आहेत. पण हल्ला कशाने होतो तेही पाहा. कोणी दगड मारतं, कोणी खाली कचरा पेटवतं, मधुबाज पक्षी पोळ्यावर झडप घालतो, किंवा अर्धवट फवारणी करून माणूस निघून जातो. पोळ्याजवळ रात्रभर मोठा दिवा जळत असेल तर माश्या त्याच्याकडे ओढल्या जातात आणि घरात शिरतात. म्हणजे मोहोळाच्या बाजूचा दिवा बंद ठेवणं, खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवणं, मुलांना समजावून सांगणं, एवढ्याने धोका बराच कमी होतो. आणि ही माशी कायमची राहायला आलेली नसते. पावसाळा सरल्यावर फुलोऱ्याच्या मागे येते, उन्हाळ्यात चारा आणि पाणी आटलं की रिकामं पोळं सोडून निघून जाते. बरेचदा पुढच्या वर्षी त्याच इमारतीवर, त्याच फांदीवर परत येते. मारून टाकलं तरी जागा तीच राहते, कोणीतरी दुसरं मोहोळ येऊन बसतं. तेव्हा दरवर्षी विषाचे पैसे मोजण्यापेक्षा ती जागा ओळखून ठेवणं शहाणपणाचं.

जिथे मोहोळ खरंच अडचणीचं आहे, म्हणजे शाळेच्या दारावर, दवाखान्याच्या जिन्यात, तिथे ते हलवावंच लागेल. त्यात मला काही वाद दिसत नाही. पण जाळायचं नाही आणि विष मारायचं नाही, हा पहिला नियम हवा. पोळं न जाळता, माश्या न मारता रात्रीच्या वेळी अंगभर पोशाख घालून मध कसा काढायचा याचं प्रशिक्षण वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने विदर्भातल्या आदिवासी मधसंकलकांना दिलं आहे. ही संस्था आपल्यापासून दीड तासावर आहे. मेळघाटच्या जंगलातला मधसंकलक जे करू शकतो ते नागपूरच्या अपार्टमेंटमध्ये का होऊ नये?

आता पेट्यांकडे येतो. आज शेजाऱ्याला तक्रार करायची असेल तर कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेत कलम २७० सार्वजनिक उपद्रवाचं आहे. कलम २९१ आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला लागतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. पण ही सगळी दारं इजा झाल्यावर किंवा भांडण पेटल्यावर ठोठावायची. पेटी कुठे ठेवावी, तोंड कुठे असावं, किती ठेवाव्या, हे त्यातलं एकही कलम सांगत नाही. पाळणाऱ्याला आपण बरोबर करतोय की चूक, हे कळायला काही मार्ग नाही, आणि शेजाऱ्याला नेमकं काय मागायचं तेही कळत नाही.

जगात इतरत्र शहरांनी हे सोडवलंय. न्यूयॉर्कमध्ये मधमाश्या पाळायला बंदी होती, ती २०१० मध्ये उठली आणि पेट्यांची नोंदणी सुरू झाली. लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये निवासी भागात परवानगी दिली. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या नियमांत त्याच त्या गोष्टी सापडतात: प्लॉटच्या आकारानुसार पेट्यांची मर्यादा, हद्दीपासून अंतर, पेटीसमोर साधारण सहा फुटांचा आडोसा, आणि पाण्याची सोय. आडोशाचं कारण सोपं आहे. समोर भिंत किंवा दाट कुंपण असलं की माशी बाहेर पडताच वर चढते आणि माणसांच्या डोक्यावरून जाते. आपल्याकडे गच्चीच्या कठड्याला उंच हिरवी जाळी बांधली तरी हे काम होतं. हे तसंच्या तसं उचलावं.

पण सगळंच उचलू नये. त्यांचे नियम मेलिफेरासाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे वस्तीत फक्त सातेरी असावी, असं माझं ठाम मत आहे. मेलिफेराची वसाहत मोठी असते, ती दोन-तीन किलोमीटर सहज फिरते आणि तिला खाद्यही तेवढंच लागतं. तिची जागा काटोल-नरखेडच्या संत्राबागांमध्ये आहे, आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी संत्रा फुलतो त्या वेळी. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत आपलं भागवते. शहरात फुलं मोजकी असतात. लंडनमध्ये पेट्यांची हौस इतकी वाढली की तिथले मधपाळच म्हणू लागले, आता एवढ्या माश्यांना पुरेसा फुलोरा उरलेला नाही. आणि पाळीव माश्या वाढल्या की रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. म्हणून आपल्या १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर दोनच्या वर पेटी नको. तीन हजारांच्या प्लॉटवर चार, आणि तिथे थांबावं.

आता पाणी. नागपूरच्या नियमात सगळ्यात वर हेच लिहायला हवं.

पोळ्यात जिथे अंडी आणि अळ्या असतात तिथे माश्या चौतीस-पस्तीस अंश तापमान राखतात. बाहेर पंचेचाळीस अंश असतं तेव्हा हे कसं होतं? कामकरी माश्या पाणी आणतात, त्याचे थेंब पोळ्याच्या घरांमध्ये पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. आपण कूलर लावतो तोच प्रकार. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत माशीला फुलापेक्षा पाण्याची तहान मोठी. जवळ पाणी नसेल तर ती कुठे जाणार? शेजारच्या कूलरच्या ओल्या ताट्यांवर, नळाखालच्या बादलीवर, कोपऱ्यावरच्या रसवंतीवर. शेजारच्या काकू कूलरमध्ये पाणी भरायला हात घालतात आणि डंख बसतो. आमच्या ग्रुपवरच्या तक्रारी नीट वाचल्या तर बहुतेक या कूलरच्याच आहेत, पेटीच्या आसपास कोणाला काही झालेलं नाही.

आणि यात एक गोष्ट पाळणाऱ्यांनाही माहीत नसते. माशीला एकदा पाण्याची जागा सापडली की ती तिथेच पुन्हा पुन्हा जाते. नंतर तुम्ही तुमच्या गच्चीवर चार परळ भरून ठेवले तरी ती शेजारचा कूलर सहजी सोडत नाही. म्हणून पाणी पेटीच्या आधी आलं पाहिजे. मातीचं पसरट भांडं, त्यात खडे किंवा तरट म्हणजे माशी बुडणार नाही, वर थेंब थेंब गळणारा माठ. ते सावलीत आणि वर्षभर. पण साचलेलं पाणी नको, डेंग्यूचे डास त्यातच होतात. आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करून पुन्हा भरायचं, हेही नियमातच लिहा. ज्या घरी मे महिन्यात कोणी राहत नाही, सगळे गावी जातात, त्या घराला पेटीची परवानगी देऊ नये. कठोर वाटेल, पण तहानलेली वसाहत सगळ्या गल्लीला त्रास देते आणि शेवटी स्वतःही उडून जाते. दुपारी सावली नसलेल्या उघड्या स्लॅबवर पेटी ठेवणं म्हणजे तर सातेरीला हाकलून देणंच आहे.

शेजाऱ्यांच्या संमतीबद्दल मी बराच विचार केला. लागून असलेल्या घरांना आधी लेखी कळवलंच पाहिजे. पण एका माणसाला आवडत नाही म्हणून नकार, असं नको. तसं केलं तर या शहरात तुळशीवृंदावनाला आणि कडुनिंबालाही नकार मिळेल. अपवाद एकच: लागून असलेल्या घरात कोणाला डंखाची गंभीर ॲलर्जी असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर तिथे पेटी नाही. यावर चर्चासुद्धा नको. अशा माणसाला एका डंखाने श्वास कोंडू शकतो. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की डंख बसला तर काटा नखाने खरवडून लगेच काढायचा आणि त्या जागेपासून दूर जायचं. चेहरा सुजला, धाप लागली, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पाळणाऱ्याने शिकूनच पेटी घ्यावी, हेही हवं. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. ऑनलाइन मागवली, बॉक्स उघडला, गच्चीवर ठेवला, असं कुत्र्याच्या पिल्लाबाबतही कोणी करू नये. प्रमाणपत्र दाखवा, झोनमध्ये नाव नोंदवा, पेटीवर फोन नंबर लावा. आपल्याकडे दहा झोन आहेत. प्रत्येकात उद्यान विभागाचा एक माणूस जरी शिकलेला असला तरी पोळं दिसल्यावर लोक आधी त्याला फोन करतील, पेस्ट कंट्रोलवाल्याला नाही.

उलट बाजूने मनपाकडूनही दोन गोष्टी हव्यात. डासांची धुरळणी करायची असेल तर नोंदवलेल्या मधपाळांना आदल्या दिवशी कळवा आणि ती अंधार पडल्यावर करा, तेव्हा माश्या घरात असतात. आणि पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी कडुनिंब, करंज, शिरीष फुलावर असताना करू नका. मार्च ते मे हीच झाडं माशीला जगवतात.

मधाचं गणित कोणी काढू नये. सातेरीची पेटी वर्षाला काही किलो मध देते, कधी तेवढाही नाही, आणि पावसाळ्यात तिला साखरेचा पाक आपल्यालाच द्यावा लागतो. आमच्या गल्लीतल्या शेवग्याला, भोपळ्याला, लिंबाला फळ धरतं त्यात या माश्यांचा हात आहे, ते मला पुरेसं आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी लेआउटच्या मैदानात बैठक आहे. वर लिहिलेलं सगळं मी एका पानावर उतरवलंय: पाणी, सावली, आडोसा, पेट्यांची संख्या, शेजाऱ्यांना सूचना, ॲलर्जी, नोंदणी. काकाजींना आधीच वाचायला दिलं. त्यांनी पाण्याच्या नियमाखाली पेनाने रेघ मारली आणि वर लिहिलं, "हे पाळलं नाही तर पेटी उचलायची, किती दिवसांत ते लिहा." मी सात दिवस लिहिलंय. तुमच्या लेआउटमध्ये कोणी असा कागद केला असेल तर पाठवा, आणि आग्यामोहोळ कोणत्या इमारतीवर, कोणत्या महिन्यात येतं तेही कळवा. झोन कार्यालयात जाताना ती यादी सोबत न्यायची आहे.