आकडा हिरवा झाला, पण कोड वाचता येतो का?

गेल्या आठवड्यात कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, मी एका सहकाऱ्याचा बदल अडवून धरला. तो म्हणाला, "लिंटर पास आहे, टेस्ट पास आहेत, एकाही फंक्शनची कॉम्प्लेक्सिटी दहाच्या वर नाही. मग अडलंय कुठे?" (लिंटर म्हणजे कोडमधल्या खटकणाऱ्या जागा दाखवणारं टूल, फंक्शन म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा; कॉम्प्लेक्सिटीच्या आकड्याबद्दल पुढे येतंच.) मी घाईत एवढंच म्हणाले, की मला हा कोड वाचता येत नाहीये. हे काही उत्तर झालं नाही. तो मनापासून विचारत होता आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं होतं. म्हणून सविस्तर लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, पण हा विषय मला फार जवळचा आहे.

आधी एक जुना प्रसंग. काही वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होते तिथे, ऑर्डर रद्द झाली की ग्राहकाला किती पैसे परत द्यायचे हे ठरवणारं एक फंक्शन होतं. साडेचारशे ओळींचं. इफच्या, म्हणजे 'असं असेल तर' या अटीच्या, पोटात इफ, त्याच्या पोटात लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, लूपच्या पोटात पुन्हा इफ. खाली जावं तसतशा ओळी उजवीकडे सरकत जायच्या आणि मधल्या भागात तर अर्ध्या स्क्रीनपासूनच सुरू व्हायच्या. एका संध्याकाळी तक्रार आली: अर्धी ऑर्डर आधीच पोचलेली असेल आणि ग्राहकाने कूपन वापरलेलं असेल, तर कूपनची सूट दोनदा वजा होतेय. बग सापडेपर्यंत रात्रीचा दीड वाजला. दुरुस्ती एका ओळीची होती.

मधले सहा तास कशात गेले? मी कागद घेऊन बसले होते. आत्ता आपण कोणकोणत्या इफच्या आत आहोत, 'इज पार्शल' हे व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) इथे खरं आहे की खोटं, ही 'अमाउंट' तीनशे ओळी वर ठरली तीच आहे की मधे कुणी बदलली, याची यादी करत होते. दोन वेळा फोन आला आणि दोन्ही वेळा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागली. वाचण्याचा त्रास म्हणजे नेमकं काय, हे मला त्या कागदाने शिकवलं. एक ओळ समजण्यासाठी त्या क्षणी डोक्यात जेवढं धरून ठेवावं लागतं, तेवढी ती ओळ अवघड.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कॉम्प्लेक्सिटी मोजणारं टूल चालवून पाहिलं. त्या फंक्शनचा आकडा आला ५४.

हा आकडा म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. मुळात ती ग्राफ थिअरीतून आलेली आहे. प्रोग्रॅमचा प्रवाह ठिपके आणि बाण काढून दाखवायचा, बाणांच्या संख्येतून ठिपक्यांची संख्या वजा करायची आणि दोन मिळवायचे. हाताने मोजायचं तर आणखी सोपं: इफ, लूप, केस (अनेक पर्यायांतला एक), जिथे जिथे वाट फुटते ती ठिकाणं मोजा आणि त्यात एक मिळवा. बरीच टूल्स 'अँड' आणि 'ऑर'सुद्धा मोजतात. मॅकेब यांना टेस्ट करायला आणि सांभाळायला जड जाणारी मॉड्यूल्स हुडकायची होती, आणि त्यासाठी त्यांनी १० ही मर्यादा सुचवली. ती काळ्या दगडावरची रेघ नाही. नासाच्या सॉफ्टवेअर नियमावलीत, ज्या कोडवर सुरक्षितता अवलंबून आहे त्याच्यासाठी ही मर्यादा १५ आहे. जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंट या लिंटरचा हा नियम कुठलाही आकडा न देता चालू केला तर तो २० च्या पुढे तक्रार करतो, जावासाठीचं चेकस्टाइल १० च्या पुढे.

या मापाबद्दल मला आदर आहे. पन्नास वर्षं होत आली तरी ते वापरात आहे, कारण ते सोपं आहे आणि फंक्शनला किती टेस्ट लागतील याचा अंदाज त्यातून खरोखर येतो. पण ते फाटे मोजतं. ते फाटे एकामागून एक आहेत की एकाच्या पोटात एक, याने त्याला काहीच फरक पडत नाही. वाचणाऱ्याला मात्र सगळा फरक त्यानेच पडतो.

अगदी छोटं उदाहरण घ्या. परतावा देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या आहेत: पैसे खरंच आले होते का, मुदत संपलेली नाही ना, आणि परतावा आधीच दिलेला नाही ना. एक पद्धत अशी: पैसे आले असतील तर आत जा, मुदत असेल तर आणखी आत, परतावा दिलेला नसेल तर त्याच्याही आत, आणि तिथे मुख्य हिशोब. दुसरी पद्धत अशी: पैसे आलेच नाहीत, तर इथूनच परत फिरा. मुदत संपली, परत फिरा. परतावा दिलाय, परत फिरा. आणि मग डावीकडच्या समासाला लागून, मोकळेपणाने, मुख्य हिशोब. मॅकेब यांच्या मापाने दोन्हींचा आकडा ४. पहिल्या पद्धतीत हिशोबाच्या ओळीपर्यंत पोचताना तीन अटी खांद्यावर असतात आणि शेवटचे तीन एल्स ('नाहीतर'चे भाग) कोणत्या इफचे हे कंस जुळवत शोधावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत एकेक अट वाचायची, मिटवायची आणि पुढे जायचं.

नेमकी हीच उणीव ओळखून कोड तपासणारी टूल्स बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीने कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाचं माप आणलं. त्याची मांडणी अ‍ॅन कॅम्पबेल यांनी केली. त्यात प्रत्येक फाट्याला एक गुण आहेच, शिवाय तो जितका खोल असेल तितके जादा गुण. वरच्या उदाहरणात पोटात पोट असलेल्या इफना १ अधिक २ अधिक ३ असे ६ मिळतात, सरळ मांडलेल्या तीन अटींना फक्त ३. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे अख्ख्या स्विचला (अनेक केसमधून एक निवडणाऱ्या रचनेला) ते एकच गुण देतं, मग केस कितीही असोत. आठवड्याच्या सात वारांचा स्विच मॅकेबच्या मापाने ८ वर जातो, पण वाचताना एका नजरेत उलगडतो. नवीन प्रोजेक्टमध्ये एकच माप लावायची मुभा असेल तर मी हे लावीन.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडिंग स्टाइलमध्ये इंडेंटेशन (ओळ समासापासून आत सरकवणं) आठ अक्षरांचं ठेवायचा नियम आहे आणि तीन पातळ्यांहून जास्त लागत असतील तर प्रोग्रॅमच दुरुस्त करा असं तिथे स्पष्ट बजावलेलं आहे. पूर्वी मला हे अतिरेकी वाटायचं. आता वाटतं, हे विनाखर्चाचं माप आहे. टूल नको, आकडा नको, समासापासून अंतर बघा.

तर, ५४ आकडा बघून आमच्या लीडने फर्मान काढलं: पंधरा दिवसांत सगळं दहाच्या आत. आम्ही कामाला लागलो. साडेचारशे ओळींचे अकरा तुकडे केले. नावं काय दिली असतील? 'प्रोसेस रिफंड स्टेप वन', 'स्टेप टू', 'हँडल रेस्ट'. प्रत्येक तुकड्याला बाहेरून द्याव्या लागणाऱ्या किमती, म्हणजे पॅरामीटर, नऊ-नऊ. डॅशबोर्ड हिरवा झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा बग आला, तेव्हा वरून खाली वाचण्याऐवजी मी अकरा ठिकाणी उड्या मारत होते. गुंता तेवढाच होता, फक्त आता तो एका जागी दिसतही नव्हता. तेव्हापासून, आकडा हे ध्येय म्हणून कुणी पुढे ठेवलं की मला मनापासून भीती वाटते. ताप मोजायला थर्मामीटर हवाच, पण तो थंड पाण्यात बुडवून आकडा उतरवला तर रोग्याला काय उपयोग?

फंक्शन तोडायला माझा विरोध नाही. तोडलेल्या तुकड्याला त्याच्या कामाचं खरं नाव देता येत असेल, आणि ते नाव वाचून आत न डोकावता पुढे जाता येत असेल, तर जरूर तोडा. नाव सुचत नसेल तर तो तुकडा चुकीच्या जागी कापलाय.

ते फंक्शन शेवटी आम्ही दुसऱ्यांदा हातात घेतलं, आणि या वेळी घाई केली नाही. पहिला आठवडा कोडला हातच लावला नाही. जुन्या खऱ्या ऑर्डरी घेतल्या, त्यातली वैयक्तिक माहिती काढून टाकली, फंक्शन आज जे उत्तर देतं ते बरोबर की चूक हे न ठरवता जसंच्या तसं नोंदवलं आणि त्याच्या टेस्ट केल्या. त्यातून एक विचित्र गोष्ट दिसली. परतावा शून्य असला तरी एका फाट्यात हिशोबाच्या खात्यात शून्य रकमेची नोंद पडत होती. आम्ही सगळ्यांनी ती चूक म्हणून काढायचं ठरवलं होतं. अकाउंट्सवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, त्या नोंदीशिवाय आमचा ताळा जुळतच नाही! विचारलं नसतं तर सफाईच्या नावाखाली आम्ही चालती गोष्ट मोडली असती. टेस्ट नसताना कोड सोपा करायला जाऊ नका, हे मी इतक्या तळमळीने सांगते ते यामुळे.

मग खरी कामं. नकाराच्या अटी वर आणल्या, तेवढ्यानेच उरलेलं सगळं तीन पातळ्या डावीकडे आलं. एक अट होती ती स्क्रीनच्या बाहेर जायची: ऑर्डर निघालेली नाही, आणि पॅक झालेली नाही किंवा पॅक होऊन चोवीस तास झालेले नाहीत, आणि ऑर्डर खास बनवून घेतलेली नाही. तिला एका व्हेरिएबलमध्ये ठेवून 'विनाशुल्क रद्द करता येईल' या अर्थाचं नाव दिलं. सायक्लोमॅटिक आकडा तसूभरही हलला नाही. पण त्यानंतर ती अट कुणी चुकीची वाचलेली मला आठवत नाही.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते एका तक्त्याने. पैसे कसे भरले होते आणि ऑर्डर का रद्द झाली, या दोन गोष्टींवरून कोणता नियम लावायचा हे ठरवायला इफ-एल्सची भली मोठी उतरंड होती. ती काढून सरळ तक्ता केला: एका बाजूला पैसे भरण्याचा प्रकार, दुसऱ्या बाजूला कारण, चौकटीत नियम. तो छापून अकाउंट्समधल्या बाईंसमोर ठेवला. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं आणि पाचव्या ओळीवर थांबून म्हणाल्या, "हे चूक आहे, असं कधीच नव्हतं." खरोखर चूक होती, आणि इफ-एल्सच्या जंगलात ती कित्येक वर्षं लपून होती.

ट्रू, फॉल्स, ट्रू असे फ्लॅग (हो-नाही सांगणाऱ्या खुणा) फंक्शनला पाठवायची सवय मोडली, हेही मोठं काम होतं. एका फ्लॅगवर अर्धं वागणं बदलत असेल तर ती दोन फंक्शन्स आहेत.

हे सगळं झाल्यावर सगळ्यात मोठ्या फंक्शनचा आकडा १२ आला. दहाच्या आत नाहीच बसलं, आणि आम्ही ते तसंच ठेवलं.

कारण थोडी गुंतागुंत त्या विषयातच असते. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ साली हा भेद फार नीट सांगितला होता: काही गुंता प्रश्नाच्या स्वभावातला, काही आपण काम करताना वाढवलेला. परताव्याचे नियमच बारा असतील तर कोडमध्ये बारा नियम दिसणारच. आपण फक्त दुसऱ्या प्रकारचा गुंता काढू शकतो. पहिला काढायचा तर नियम ठरवणाऱ्यांशी जाऊन बोलावं लागतं, आणि खरं सांगायचं तर तेही आपण करायला हवं.

सुरुवात कुठून करायची असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं. नुसता कॉम्प्लेक्सिटीचा आकडा बघून फायलींची रांग लावू नका. गेल्या वर्षभरात कोणत्या फायली सगळ्यात जास्त वेळा बदलल्या ते गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधून) काढा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. आकडा ६० असलेली, पण पाच वर्षं कुणी न उघडलेली फाइल तशीच राहू द्या. दर आठवड्याला कुणीतरी उघडतंय आणि आकडाही चढा आहे, अशा तीन-चारच फायली निघतील. टीमचा वेळ तिथे जातोय. आता तर मशीन मिनिटात शेकडो ओळी लिहून देतं. त्यामुळे लिहिण्यात जाणारा वेळ कमी झाला असेल, पण वाचून जबाबदारी घ्यायची आपल्यालाच, आणि वाचायचं प्रमाण भरमसाट वाढलंय.

आता त्या सहकाऱ्याच्या कोडबद्दल. चार फंक्शन्स होती, प्रत्येकाचा आकडा सात-आठच्या घरात. ती चारही मिळून 'कॉन्टेक्स्ट' नावाचा एकच ऑब्जेक्ट (माहितीचा गठ्ठा) वापरत होती आणि प्रत्येक फंक्शन त्यात काहीतरी बदलत होतं. दुसरं फंक्शन तेव्हाच बरोबर चालायचं, जेव्हा पहिल्याने एक ठरावीक फील्ड भरलेलं असेल. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुठलाही आकडा ते दाखवत नाही, कारण ही मापं एका वेळी एकाच फंक्शनकडे बघतात. दोन फंक्शन्समधला न बोललेला करार त्यांना दिसत नाही. मला वाचता येत नव्हतं ते याच्यामुळे.

परवा आम्ही दोघं दीड तास शेजारी बसलो. तो कोड मोठ्याने वाचत गेला आणि जिथे त्याला "म्हणजे आधी ते झालेलं असतं ना, म्हणून" असं म्हणावं लागलं, तिथे तिथे आम्ही थांबलो. असं पाच ठिकाणी झालं. शेवटी चाराची दोन फंक्शन्स झाली. 'कॉन्टेक्स्ट' गेला, पहिलं जे उत्तर देतं तेच दुसऱ्याला उघडपणे मिळतं. त्यातल्या एकाचा आकडा १४ झाला आणि लिंटर लाल झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नियमाला सूट दे आणि का दिली ते वर लिही. त्याने लिहिलं: "हे सहा टप्पे याच क्रमाने वाचले तरच कळतात, म्हणून एकत्र ठेवले आहेत. तोडण्याआधी खालच्या टेस्ट बघा." मी लगेच अप्रूव्ह केलं.