चिंचपोकळीची तिहाई

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास आठवा असतो. आठव्यानंतर घंटा, घंटेनंतर वडापाव. म्हणजे मुलांच्या हिशेबात माझा तास हा वडापावाच्या आधीचा अडथळा. तो ३५ मिनिटांचा. त्यातली ५ मिनिटं पी.टी.हून परतलेली घामेजली पोरं बाकांवर बसवण्यात जातात, ४ स्टाफरूममधून पेटी येईपर्यंत, ३ ती का वाजत नाही हे बघण्यात. उरलेल्या २३ मिनिटांवर गणिताच्या सरांचा डोळा असतो. “बाई, पोर्शन राहिलाय, आजचा तास देता का?” हे ते इतक्या हळुवार सुरात विचारतात की त्यांनाच गायला उभं करावंसं वाटतं.

वर्ग आठवी ब, पट ६०. मुलग्यांचे आवाज फुटण्याचं नेमकं हेच वय. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. उतरतो म्हणजे लिफ्टने नव्हे, पावसाळ्यातल्या ओल्या जिन्यावरून उतरतो. ‘सा’ म्हणायला तोंड उघडणाऱ्या मुलाला स्वतःलाच ठाऊक नसतं की आतून कोण बोलणार आहे, तो की त्याचे वडील. अशा वर्गाला “चला, कोण गाऊन दाखवतं?” असं विचारणं हा संगीत शिक्षणातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. साठ मुलं एकदम चपलांचे पट्टे तपासायला लागतात. हात वर करते ती एकच मुलगी, जी गाण्याच्या क्लासला जाते आणि जिची प्रवेशिका परीक्षा झालेली आहे. ती छान गाते, आणि बाकीच्या एकोणसाठांची खात्री पटते की संगीत हे खातं तिच्याकडे आहे.

म्हणून पहिला नियम: एकट्याला उठवायचं नाही. दुसरा नियम: ‘गा’ हा शब्द पहिल्या महिन्यात उच्चारायचा नाही. ‘मोजा’ म्हणायचं. मुंबईची मुलं मोजण्यात पक्की असतात. कितव्या डब्यापाशी जिना येतो, कुठल्या स्टेशनानंतर दाराकडे सरकायचं, हे त्यांना झोपेत विचारलं तरी येतं. मग ताल स्टेशनांवरूनच का शिकवू नये?

दादरा हा ताल सहा मात्रांचा, म्हणजे सहा ठोक्यांचा, ३-३. ‘माटुंगा विक्रोळी’. (दादरा आणि दादर यांचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकायचं. तरी परीक्षेत येतंच.) केरवा आठ मात्रांचा, ‘बोरिवली डोंबिवली’. यात पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेची मुलं खूश राहतात, नाहीतर अर्धा तास भांडणात जातो. झपताल दहाचा, २-३-२-३: ‘कुर्ला माटुंगा ठाणे विक्रोळी’. टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, खाली (टाळी न देता हात हवेत उडवायचा) सहाव्या मात्रेला, म्हणजे बरोब्बर ‘ठा’वर. ठाण्याला खाली, हे समजावून सांगावं लागत नाही. गाडीही तिथेच खाली होते.

रूपकाला मात्र बंड होतं. सात मात्रा, ३-२-२, ‘माटुंगा कुर्ला ठाणे’, पण सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली एकाच मात्रेवर. पहिल्याच ‘मा’ला टाळी नाही, हात हवेत. साठांतले पंचेचाळीस हात सवयीने आपटतात. मग वहीतल्या ‘मा’भोवती पेन्सिलने गोल काढून घ्यायचा. तो गोल दिसला की हात आवरतो.

यात एक मेख आहे. बोलताना आपण अक्षरं गिळतो. ‘बोरिवली’ लिहायला चार अक्षरं, बोलायला ‘बोरिव्ली’ अशी तीनच. ‘दादर’ तर दोनच. मुलं बोलतात तसंच म्हणतात आणि आठाचा केरवा सहात आटोपतो. त्यावर माझा उपाय गणिताची चौकटींची वही. एका चौकटीत एक अक्षर, एका चौकटीला एक टाळी. चौकट मोकळी असेल तर टाळी नाही, पण मात्रा आहेच.

चौकटींच्या वहीचा आणखी एक फायदा आहे. भातखंडे हे वाळकेश्वरचे, १८६० सालचा जन्म, म्हणजे आपले पक्के मुंबईकर. त्यांनी बसवलेल्या स्वरलिपीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते. आता रेघांच्या वहीत मुलं ‘सा रे ग म’ रेघेला चिकटवून लिहितात. त्यामुळे लिहिताना सगळे स्वर शुद्ध असलेला बिलावल असतो आणि वाचताना रे, ग, ध, नि सगळे कोमल होऊन भैरवी होते. मैफल भैरवीने संपते आणि हा तास शेवटचा, त्यामुळे ते शास्त्राला धरूनच आहे, पण तरी स्वर चौकटीच्या मध्यभागी लिहावेत. सप्तकांची टिंबं वेगळ्या रंगाच्या खडूने द्यावीत. नाहीतर डस्टरच्या एका फटक्यात तार षड्ज (वरचा सा) मध्य सप्तकात येऊन पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

एवढं जमलं की मी चिंचपोकळीला येते.

तीनतालाच्या सोळा मात्रा, टाळ्या १, ५ आणि १३ला, खाली ९ला. तिहाई म्हणजे एक तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचं अक्षर नेमकं समेवर आणून टेकवायचं. समेपासून पुढच्या समेपर्यंत, ती सम धरून, मात्रा होतात १७. ‘चिं-च-पो-क-ळी’ पाच अक्षरं, मग एक मात्रा गप्प. पुन्हा पाच, पुन्हा गप्प, पुन्हा पाच. पाच त्रिक पंधरा अधिक दोन, सतरा. तिसरी ‘ळी’ समेवर. आणि मधल्या जागा पाहा: पाचव्या मात्रेची टाळी पहिल्या ‘ळी’वर, नवव्याची खाली दुसऱ्या ‘पो’वर, तेराव्याची टाळी तिसऱ्या ‘चिं’वर. रेल्वेने हे स्टेशन तीनतालासाठीच बांधलं असावं, अशी माझी खाजगी समजूत आहे.

करवून घ्यायची रीत अशी. खिडकीकडचा अर्धा वर्ग टाळ्या-खालीसह मोठ्याने १ ते १६ मोजतो, दाराकडचा अर्धा तिहाई म्हणतो. लय सेकंदाला एक मात्रा. भिंतीवरचं घड्याळ चालू असेल तर त्याच्या काट्यावर. दोन आवर्तनं, म्हणजे सोळाच्या दोन फेऱ्या, नुसती मोजायची, तिसऱ्याला तिहाई. मग बाजू बदलायच्या.

बिघडतं ते हमखास गप्पच्या मात्रेला. आठवीच्या मुलाला एक सेकंद गप्प बसणं म्हणजे शिक्षा. ती मात्रा तो खातो, दोन्ही वेळा, आणि ‘ळी’ सतराव्याऐवजी पंधराव्या मात्रेला येते. मध्य रेल्वेच्या इतिहासात वेळेआधी पोचलेली ही एकमेव गाडी. उपाय साधा: गप्पच्या मात्रेला दोन्ही हात डोक्यावर. अवयवाला काम दिलं की तोंड थांबतं. दुसरा बिघाड म्हणजे पळणं. साठ मुलं एकत्र ओरडली की लय वाढतेच. गणपतीतली आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत कधी संपते का? “हळू म्हणा” सांगून काही होत नाही, ती आणखी जोरात हळू म्हणतात. “कुजबुजत म्हणा” सांगायचं. आवाज उतरला की लय आपोआप जागेवर येते.

शेवटची पायरी माझी आवडती. सगळी तिहाई मनात म्हणायची, फक्त तीन ‘ळी’ मोठ्याने. वर्गात चार मात्रा पूर्ण शांतता, मग “ळी!”, पाच मात्रा शांतता, “ळी!”, पुन्हा पाच, “ळी!” आठव्या तासाला आठवी ब शांत आहे, या धक्क्याने पर्यवेक्षिका दारात येऊन उभ्या राहतात आणि नेमक्या त्यांच्या तोंडावर साठ मुलं “ळी!” म्हणतात.

हुशार पोरं विचारतात, “बाई, दुसरं स्टेशन चालेल का?” तेव्हा फळ्यावर लिहायचं: ३क + २ख = १७. ‘क’ म्हणजे अक्षरं, ‘ख’ म्हणजे मधली मोकळी जागा. मुलं शोधून काढतात की उत्तरं तीनच: ५ आणि १, ३ आणि ४, १ आणि ७. तीन अक्षरांचं माटुंगा चालतं, पण मध्ये चार-चार मात्रा गप्प राहावं लागतं, ते आठवी बच्या आवाक्याबाहेर. एका अक्षराचं स्टेशन मुंबईत नाही. याच वेळी गणिताचे सर खिडकीतून डोकावतात, फळ्यावर समीकरण बघतात आणि आपला पोर्शन बाई घेतायत अशा समाधानाने निघून जातात.

सुरांकडे वळायचं तर आधी पेटीबद्दल बोलायला हवं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) मिळत नाहीत, हा आक्षेप. शाळेच्या पेटीत निघत नाहीत अशा गोष्टींची यादी याहून लांब आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आणि एखादा सूर भाता हलवला की न विचारता वाजत राहतो. झाकण काढून पट्टीखालचा खडूचा चुरा आणि पेन्सिलीची सालपटं मऊ ब्रशने झटकली की बहुतेक वेळा तो गप्प होतो. तबल्याची तर जूनपासूनच पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल. गट्टे ठोकून चढवावा, तर तास संपेपर्यंत पुन्हा उतरलेला.

पण याच पेटीत एक गंमत दडलेली आहे. पांढऱ्या पट्ट्यांवर कागदाची पट्टी चिकटवून त्या बंद करायच्या, फक्त काळ्या पाच मोकळ्या ठेवायच्या. फोनवरचा तानपुरा काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावून त्या पाच पट्ट्या कशाही वाजवा, भूप राग. तानपुरा काळी एकला आणला की त्याच पट्ट्या दुर्गा. काळी दोनला धानी. काळी चारला मधमाद सारंग. काळी पाचला मालकंस. पट्ट्या त्याच, बोटं तीच, नुसतं घर बदललं. चुकीचा सूर लागायला जागाच नाही, त्यामुळे कधी पेटीला हात न लावलेला मुलगाही बिनधास्त वाजवतो. एका वेळी तिघं: एक भात्याला, एक डाव्या अर्ध्यावर, एक उजव्या. दोन मिनिटांत भातेवाला दमतो, बदली तयार ठेवावी. तानपुरा मात्र आधी दहा-बारा सेकंद एकटा ऐकवायचा. षड्ज कानात बसला नाही तर पाचही राग मुलांना एकच वाटतात, आणि मग त्यांचं बरोबर असतं. फोन फ्लाइट मोडवर टाकावा. नाहीतर मालकंसाच्या ऐन गांभीर्यात कर्ज हवंय का असं विचारणारा फोन येतो.

भूप वाडग्यांतही बांधता येतो. चिनी मातीचे किंवा काचेचे पाच वाडगे, पाणी, पेन्सिल. स्टीलचे ग्लास नकोत, ते स्वयंपाकघराचा आवाज देतात. पाणी वाढलं की सूर उतरतो, पण सारखा उतरत नाही: तळाशी ओतलेल्या पाण्याची सुराला फारशी दखल नसते, काठाजवळ आल्यावर चमच्याचमच्याला घसरतो. म्हणून तांब्याने सुरुवात करायची आणि शेवट चमच्याने. षड्जाला सगळ्यात मोठा वाडगा घ्यावा. पातळीवर बाहेरून चिकटपट्टीची खूण हवीच. सातही स्वर लावून वाडगे मधल्या सुट्टीत उघडे ठेवू नयेत. परत येईपर्यंत कुणीतरी मध्यम प्यायलेला असतो. निषादही प्यायला असेल तर काळजीचं कारण नाही, म आणि नि गेले की उरतो तो भूपच.

आणि गाणं? ते जुलैअखेर, दाराने नव्हे, खिडकीतून आणायचं. पांढरी दोनला षड्ज, चाल सा ते ध एवढ्याच टापूत. मुली आणि न फुटलेले आवाज वर, फुटलेले एक सप्तक खाली, आणि ज्यांचं सध्या काहीच नक्की नाही त्यांना फक्त सा आणि मंद्र पंचम (खालचा प) आळीपाळीने धरून ठेवायला द्यायचे. त्यांना ‘आधार गट’ म्हणायचं. ‘तुझा आवाज फुटलाय का’ हे विचारायचं नसतं. बाकाबाकांमधून चालत कान द्यायचा आणि चिठ्ठीवर गट लिहून ठेवायचा. दर महिन्याला चिठ्ठी बदलते. पालकसभेत मात्र विचारणा एकच असते, दहावीला याचे वाढीव गुण मिळतात ना.

तासाच्या शेवटी पुन्हा तिहाई, ठाय म्हणजे संथ लयीत, सगळा वर्ग एकदम. घंटा होते ती नेहमी पंधराव्या मात्रेला. तिसऱ्या ‘पो’वर साठ दप्तरं उचलली जातात, बाक सरकतात, वर्ग रिकामा होतो आणि सम तशीच लोंबकळत राहते. मी खटके आत ढकलते, भाता मिटते, पेटीवर कापड टाकते. तेवढ्यात खालच्या जिन्यावरून, वडापावाच्या दिशेने, एक नुकताच फुटलेला आवाज येतो. अर्धा वर, अर्धा खाली.

“कऽऽळी!”