जमैकातल्या गुलामांची नावं खरंच कुणी लिहिली नाहीत?

‘कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, म्हणून १८३४ च्या मागे वंशावळ जात नाही. आडनाव शेवटच्या मालकाचं असतं, तेवढाच धागा. बाकी डीएनए चाचणी करा.’ असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. तो वाचून लोक शोध सुरू करण्याआधीच सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

नावं नाहीत, ही गोष्ट अमेरिकेची. तिथल्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणनेत वय, लिंग, वर्ण आहे, नाव सहसा नाही. ब्रिटिश कॅरिबियनमध्ये मात्र गुलामांच्या व्यापारावर १८०७ साली आलेल्या बंदीनंतर माणसं चोरून आणली जाऊ नयेत म्हणून मालकांना प्रत्येक गुलामाची नोंद सरकारात द्यावी लागे; त्रिनिदादमध्ये १८१३ पासून, जमैका आणि बार्बाडोसमध्ये १८१७ पासून. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ही ‘टी ७१’ मालिका आहे आणि ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर तिची पानं पाहता येतात. (मॉरिशसच्या गुलामांच्या वह्याही याच मालिकेत आहेत. तिथले मराठी कंत्राटी मजूर त्यांत सापडणार नाहीत, त्यांचं दप्तर वेगळं.)

जमैकाच्या वहीत नाव, लिंग, वय, वर्ण, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा, आणि शेऱ्याच्या रकान्यात पुष्कळदा आईचं नाव असतं. म्हणून नुसत्या शोधयादीवर भागवू नका, मूळ पान उघडा. पूर्ण यादी १८१७ ची; पुढे दर तीन वर्षांनी फक्त जन्म, मृत्यू, खरेदी, विक्री असे बदल. १८२९ च्या वहीत माणूस दिसला नाही तर तो नव्हताच असं नाही, त्याच्या बाबतीत काही बदललं नसेल.

आडनावाचा सल्ला सर्वांत जास्त फसवतो. आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेलं, वडिलांचं, जुन्या मालकाचं किंवा धर्मपित्याचंही असू शकतं. १८१७ च्या यादीत तर बहुतेकांना आडनावच नाही. शुक्रवारी जन्मलेली ‘फिबा’, रविवारी जन्मलेला ‘क्वाशी’ अशी नावं असतात. तेव्हा आडनाव नव्हे, ती माणसं ज्या मळ्यावर राबत तो मळा शोधा.

क्रम असा ठेवा. जमैकात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७८ पासून आहे, तिथे आधी मृत्यूची नोंद शोधा. १८८५ साली ७५ व्या वर्षी वारलेली बाई १८१७ मध्ये साधारण ७ वर्षांची असणार. वयं अंदाजानं लिहीत, म्हणून दोन्हीकडे निदान ५ वर्षं सोडा. मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या चर्च ऑफ इंग्लंडच्या नोंदींत तिचा बाप्तिस्मा पाहा. गुलामांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत पुष्कळदा मळ्याचं किंवा मालकाचं नाव सापडतं. तिथे नसेल तर बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, मोरेव्हियन चर्चच्या वह्या वेगळ्या पाहाव्या लागतात.

मळा कळला की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मोफत ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ माहितीकोशात मालक शोधा. १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, त्यामुळे तिथे दावेदार, मळे आणि गुलामांची संख्या आहे. गुलामांची नावं पाहायला पुन्हा ‘टी ७१’ कडेच यावं लागतं. अनेक मळेवाले इंग्लंडात राहत, म्हणून नोंद मुखत्याराच्या, विश्वस्ताच्या किंवा गहाणदाराच्या नावावरही असते. मालकाच्या नावानं काही मिळालं नाही तर त्यांची नावं घालून बघा. शोध बहुतेकदा इथेच अडतो.

डीएनए चाचणी आफ्रिकेतल्या प्रदेशाचा अंदाज देते आणि दूरचे नातलग जुळवते. नातलगांचा उपयोग खरा, पण पणजीच्या पणजीचं नाव ती सांगत नाही. त्रिनिदादच्या वह्यांत आफ्रिकेत जन्मलेल्यांचा ‘देश’, म्हणजे इबो, काँगो, मँडिंगो असं लिहिलेलं सापडतं. जमैकात नुसतंच ‘आफ्रिकन’.

त्या मजकुरात खरं आहे ते एवढंच: वडिलांचं नाव क्वचितच मिळतं, आणि जहाजातून आलेल्या पूर्वजाच्या मागे कागद जवळजवळ कधीच जात नाही. पण आईकडून आजीकडे जाणारी वाट बऱ्याच घरांना १८१७ च्या पानापर्यंत नेते.