‘तोंड आलंय’: शब्द एकच, दुखणी दोन

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कुणाचंही तोंड येतं. पारा बेचाळिशी ओलांडतो, जेवणात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी असते, रात्री झोप लागत नाही. त्यामुळे ‘तोंड आलंय’ म्हटलं की ‘उष्णता झाली’ हे उत्तर तयारच असतं. कर्करोगावरची केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी म्हणून जो मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय, तो याच उत्तरावर उभा आहे. माझं मेडिकलचं दुकान आहे. मोबाइल पुढे करून ‘यातलं सगळं द्या’ म्हणणारी माणसं आठवड्याला दोन-तीन तरी येतात.

मेसेज थोडक्यात असा: केमोनं तोंड आलं म्हणजे औषध लागू पडलं, शरीरातली उष्णता बाहेर पडते आहे. ब्रश बंद करा. तुरटीची लाही मधात कालवून लावा, जाईचा पाला चावा, बी-कॉम्प्लेक्सच्या दोन गोळ्या रोज घ्या. बर्फ आणि थंड वर्ज्य. तीन दिवसांत तोंड साफ होईल. अंग तापलं तरी घाबरू नका, उष्णताच निघते आहे.

आधी ती उष्णता. तोंडाचं आतलं अस्तर दर एक-दोन आठवड्यांनी नवं होत असतं. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हे केमोचं काम. गाठीच्या पेशी कुठल्या आणि गालाच्या आतल्या कुठल्या, हे त्या औषधाला कळत नाही. केस गळतात ते याच कारणानं. खालून नव्या पेशी येणं थांबतं, वरच्या चावण्या-गिळण्यात झिजतात, आणि अस्तर पातळ होऊन फाटतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत केमो घेणाऱ्यांचंही तोंड येतंच की. आणि तोंड आलं म्हणजे गाठ विरघळतेय असं मुळीच नाही. नेहमीच्या केमोत बऱ्याच जणांना हा त्रास होतच नाही. त्यांनी काय, औषध वाया गेलं म्हणून रडत बसायचं?

‘तीन दिवसांत साफ’ हा दावा खरा का वाटतो, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. डोसनंतर साधारण पाच ते दहा दिवसांत तोंड सोलवटायला लागतं, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त दुखतं, आणि केमोनं कमी झालेल्या, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या की दोन-तीन आठवड्यांत आपसूक भरून येतं. आता बघा, माणूस दोन-चार दिवस सोसतो, मग बाकीचे उपाय करतो, आणि अगदीच असह्य झालं की बाराव्या-तेराव्या दिवशी तुरटी लावतो. सोळाव्या दिवशी बरं वाटतं. श्रेय तुरटीला! तिनं मधल्या काळात फक्त झोंबायचं काम केलेलं असतं. तुरटी आक्रसवते, कोरडं पाडते. सोललेल्या, आधीच कोरड्या तोंडाला नेमकं तेच नको असतं.

मधाबद्दल मी थोडं जपून बोलेन. डोक्या-मानेच्या कर्करोगात किरणोपचार घेणाऱ्यांमध्ये मधानं त्रास कमी होऊ शकतो, असं जाणकारांच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण केमोच्या जखमांना तो पुरावा जसाच्या तसा लावता येत नाही. मधुमेह असेल तर प्रश्नच वेगळा. जाईच्या पाल्याचं तसं नाही. एरवीच्या फोडाला आमच्या आजीनंही तो चावायला दिला असेल, माझी तक्रार नाही. पण पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या माणसानं अंगणातला धुळीचा कच्चा पाला उघड्या जखमांवर चावून घासायचा? नको. तसंच मशेरीचं. मेसेजमध्ये ती नाही, पण ‘लावली की बधिर होतं, बरं वाटतं’ असं काउंटरवर एकीनं मला सांगितलं. मावशी, ती तंबाखूच आहे.

आता बी-कॉम्प्लेक्स. यावर मी सगळ्यात जास्त भांडतो, कारण ‘व्हिटॅमिनच तर आहे’ असं सगळेच म्हणतात. पुष्कळशा बी-कॉम्प्लेक्स आणि मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड असतं. केमोचं फ्लुरोयुरॅसिल हे औषध किंवा त्याच जातीच्या, घरी गिळायच्या कॅपसायटाबीनच्या गोळ्या चालू असतील, तर फॉलिक अ‍ॅसिड त्या औषधाचा मारा वाढवतं. म्हणजे तोंड बरं व्हावं म्हणून घेतलेली गोळी तोंड आणखी सोलू शकते, जुलाबही वाढवू शकते. फ्लुरोयुरॅसिलसोबत ल्युकोव्होरिन, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचाच भाऊबंद, मुद्दाम देतात ते हा मारा वाढवण्यासाठीच, पण ते मोजून. मेथोट्रेक्सेट या केमोच्या दुसऱ्या औषधाचं याच्या नेमकं उलट: मोठ्या डोसनंतर तेच ल्युकोव्होरिन घड्याळ लावून दिलं जातं, ते शरीर वाचवायला. एकाच घराण्यातलं व्हिटॅमिन एका औषधाला बळ देतं, दुसऱ्याला आवरतं. म्हणून केमोची फाइल पाहिल्याशिवाय मी ती स्ट्रिप देत नाही. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

बर्फाचं तर मेसेजनं पार उलटं केलंय. फ्लुरोयुरॅसिल शिरेतून झटक्यात देतात तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे घोळवत ठेवणं, हा तोंड येऊ न देण्याचा चांगला सिद्ध झालेला उपाय आहे. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं, आणि या औषधाचा रक्तातला जोर दहा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतो. तेच औषध पंपानं ४६ तास चालणार असेल तर बर्फ किती वेळ धरणार? आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर बर्फ नकोच, त्या औषधात गार लागलं की घसा-जबडा आवळल्यासारखा होतो. ही दोन्ही औषधं एकाच रुग्णाला एकत्र दिली जातात. म्हणून बर्फाचं आधी सिस्टरना विचारा. बर्फ घरच्या उकळून गार केलेल्या पाण्याचा, गोळेवाल्याचा नव्हे.

ब्रश बंद केला तर अन्न साठतं, जंतू वाढतात. लहान मुलांचा मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून वापरावा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर डॉक्टरांना विचारून. झोंबणारे अल्कोहोलचे माउथवॉश नकोत. त्यापेक्षा कपभर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरावी, गिळू नये. खायचा सोडा म्हणतोय मी. धुण्याचा नव्हे, पापडखारही नव्हे. उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरांत तिन्ही पुड्या शेजारी असतात. जेवायला कडक भाकरीऐवजी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, निववून, दुधात. दुखणं फार असेल तर तोंड बधिर करणारं औषध डॉक्टर लिहून देतात. जिभेवर, गालावर पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं.

आणि शेवटचं वाक्य, ‘अंग तापलं तरी घाबरू नका’. बाकी मेसेजनं तोंड झोंबेल, या वाक्यानं जीव जाईल. तोंड सगळ्यात जास्त सोललेलं असतं त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात, आणि त्या जखमांतून जंतू थेट रक्तात उतरतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीनं फक्त आकडा उतरतो. रात्री दोन वाजता असला तरी दवाखाना गाठायचा. बार्शीला किंवा मुंबईला केमो चालू असेल आणि ताप सोलापुरात आला, तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य हेच सांगायचं: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला.’ ती तारीख आणि औषधाचं नाव मी हल्ली गिऱ्हाइकाच्या फाइलवर मार्करनं मोठं लिहून देतो, आणि तुरटीऐवजी थर्मामीटर.